शिफारसपत्रांची थप्पी

पूर्वी आमच्याकडे वस्तीतली माणसे यायची ती रेशनकार्डासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, वसतिगृहातल्या जागेसाठी, नाहीतर रखडलेल्या शिष्यवृत्तीच्या चौकशीसाठी. ती अजूनही येतात. पण गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंडमधल्या विद्यापीठात अर्ज करणार असते आणि घरच्यांना हवे असते शिफारसपत्र. पोरे त्याला 'एलओआर' म्हणतात. बाप म्हणतो, "दादा, तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर एक चांगले पत्र द्या. आमदारसाहेबांचे मिळाले आहे, सभापतींचे उद्या मिळेल, विहाराच्या अध्यक्षांनी दिले आहे, डॉक्टरसाहेब देतो म्हणाले आहेत. तुमचे धरून सात होतील."

समाजातला एक बाप पोराला सातासमुद्रापार पाठवायला निघाला आहे, याचा आनंद आम्हाला प्रथम होतो. मग आम्ही विचारतो, "विद्यापीठाने किती मागितली आहेत?" बहुतेक वेळा उत्तर येते, "तीन." मग ही वरची चार कशाला? यावर बाप आमच्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू समाजात वीस वर्षे काम करूनही आम्हाला व्यवहार कळत नाही. जास्त असली तर बिघडले कुठे?

बिघडते. कसे बिघडते, तेच या लेखात सांगायचे आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. चिठ्ठीवरचा आमच्या माणसांचा हा विश्वास अडाणीपणातून आलेला नाही. तो अनुभवातून आलेला आहे. सरकारी दवाखान्यात खाट मिळाली ती कोणाच्या तरी चिठ्ठीवर. पोराला वसतिगृहात जागा मिळाली ती कोणाच्या तरी फोनवर. रोजंदारीवर लागलेला माणूस कायम झाला तो कोणीतरी शब्द टाकला म्हणून. ज्याच्याकडे चिठ्ठी नव्हती तो रांगेतच राहिला. दोन-तीन पिढ्यांनी हे डोळ्यांनी पाहिल्यावर, परदेशी विद्यापीठाच्या दारातही चिठ्ठी लागतच असणार आणि एकापेक्षा सात बऱ्या, असा हिशेब कोणी केला तर त्याला आम्ही हसणार नाही. पण तिकडचे शिफारसपत्र आणि इकडची चिठ्ठी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आधी घरचे पाहू. आपल्या राज्यात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वगैरे अभ्यासक्रमांचे प्रवेश सीईटीच्या गुणांवर आणि गुणवत्ता यादीवर होतात. वैद्यकीयला नीट आहे. तेथे जातीचा दाखला लागतो, वैधता प्रमाणपत्र लागते, गुणपत्रिका लागतात. शिफारसपत्र नावाची गोष्ट तेथे कोणी मागत नाही. फार तर शाळा सोडताना मुख्याध्यापक चारित्र्याचा दाखला देतात. 'वर्तणूक चांगली' हे दोन शब्द त्यात छापलेलेच असतात. बोनाफाईड सर्टिफिकेट तर कारकून लिहितो, सही तेवढी साहेबांची. आम्ही स्वतः कारकुनी पेशातले, असे शेकडो दाखले हाताखालून गेले आहेत. त्यामुळे आपल्या घरांत 'पत्र' म्हटले की शिक्का, सही आणि जावक क्रमांक एवढेच डोळ्यांपुढे येते. शिक्का जितका मोठा, तितके पत्र वजनदार!

तिकडच्या पत्राचे वजन शिक्क्यावर नसते. अमेरिकन कॉलेज गुण पाहते, निबंध वाचते आणि मग म्हणते, ज्याने या पोराला वर्गात रोज पाहिले आहे त्याला बोलू द्या. म्हणून ते शिक्षकांचे पत्र मागते. बारावीनंतर तिकडे पदवीसाठी जाणारी पुष्कळ मुले 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाच्या सामाईक अर्जातून अर्ज करतात. १९७५ साली पंधरा कॉलेजांनी मिळून तो सुरू केला. आज एक हजाराहून जास्त संस्था त्यात आहेत. शिक्षकांची पत्रे किमान किती आणि जास्तीत जास्त किती हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. त्या मर्यादेपलीकडे अर्जातून पत्र पाठवताच येत नाही. मॅसेच्युसेट्सची प्रसिद्ध एमआयटी स्वतःचा वेगळा अर्ज ठेवते आणि दोन शिक्षकांची पत्रे मागते : एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे, दुसरे भाषा, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयाच्या शिक्षकाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीच्या अर्जाबरोबर शिफारसपत्र मागतच नाही. आम्ही विचारल्याशिवाय पाठवू नका, असे सांगते. इंग्लंडमध्ये पदवीचे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात आणि तेथे शाळा-कॉलेजकडून एकच अभिप्राय जातो.

आपली मुले जास्त करून जातात ती पदव्युत्तर शिक्षणासाठी. त्याला कारण आहे. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या दोन्ही योजनांत पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांनाच पैसा मिळतो, आणि त्यासाठी विद्यापीठाचा होकार हाती असावा लागतो. म्हणजे सारी मदार आधी विद्यापीठाच्या प्रवेशावर. तिकडचे पदव्युत्तर विभाग साधारणपणे तीन पत्रे मागतात, काही ठिकाणी दोन. मागितली तीन आणि पाठवली सात, तर काय होते?

संगणकावरच्या अर्जात जागा नसेल तर वरची चार जातच नाहीत. जागा असेल, किंवा कोणी ती टपालाने अथवा ईमेलने पाठवली, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर ती कोणी उघडत नाही. किंवा उघडतात, आणि ते जास्त वाईट. एका अर्जासाठी वाचणाऱ्याकडे थोडा वेळ असतो. तेवढ्यात त्याला आपल्या मुलीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी कळकळीने लिहिलेले पत्र वाचायचे असते. त्याऐवजी त्याच्यापुढे येते सभापतींचे पत्र : 'सदर विद्यार्थिनीस मी व्यक्तिशः ओळखतो, ती सुशील, होतकरू व अभ्यासू असून तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.' मग जिल्हा परिषद सदस्यांचे, त्यात तेच शब्द. मग संस्थेच्या अध्यक्षांचे. प्राध्यापकांचे सोन्यासारखे पत्र या शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात सापडते. शिवाय वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, की हिला सूचना वाचता आल्या नाहीत, की वाचूनही तिने मोडल्या? तिकडच्या प्रवेश कार्यालयांत एक जुनी थट्टा चालत आली आहे : फाईल जितकी जाड, तितके पोराचे डोके जाड. थट्टा क्रूर आहे, पण ती कशी जन्मली ते आपण समजू शकतो.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत काय वशिला चालत नाही? चालतो, आणि चांगला चालतो. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २००९ साली 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्राने इलिनॉय विद्यापीठाचे एक प्रकरण बाहेर काढले. तेथे 'कॅटेगरी वन' नावाची खास यादी ठेवली जात होती. राज्याचे आमदार, विद्यापीठाचे विश्वस्त आणि इतर वजनदार मंडळी ज्यांच्यासाठी शब्द टाकत, अशा अर्जदारांची ती यादी. पाच वर्षांत सुमारे ८०० नावे त्या यादीत गेली होती. गुणांनी कमी असलेली मुलेही त्या दाराने आत आली. बातमीनंतर राज्यपालांनी चौकशी आयोग नेमला, बहुतेक विश्वस्तांनी राजीनामे दिले, आणि त्याच वर्षी विद्यापीठाचे अध्यक्ष व मुख्य आवाराचे कुलगुरू या दोघांनाही पायउतार व्हावे लागले. कॅलिफोर्नियात २०२० साली राज्याच्या लेखापरीक्षकाने अहवाल दिला, की त्या विद्यापीठाच्या चार आवारांत मिळून ६४ जणांना अयोग्य मार्गाने प्रवेश दिला गेला. ओळखीपाळखीची, पैसेवाल्यांची मुले त्यात होती. आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळातल्या एका सदस्यानेच बर्कलेच्या प्रमुखांना एका अर्जदारासाठी परभारे पत्र लिहिल्याचेही त्यात निघाले. हार्वर्डवरचा खटला २०१८ साली बोस्टनच्या न्यायालयात चालला, तेव्हा देणगीदार आणि वजनदार लोकांशी संबंधित अर्जदारांची वेगळी यादी तेथेही असल्याचे उघड झाले.

म्हणजे पाहा. तिकडची चिठ्ठी कोणासाठी चालली? जो विद्यापीठाला इमारत बांधून देऊ शकतो, ज्याच्या हातात त्या राज्याच्या अर्थसंकल्पाची दोरी आहे, त्याच्या नातवासाठी. आपल्या तालुक्याच्या आमदारांचे इलिनॉयच्या कुलगुरूंना भय नाही आणि गरजही नाही. त्यांचे पत्र तेथे केवळ एक कागद आहे. वशिल्याच्या खेळात आपण उतरलो, तर आपण हरणारच. तो खेळ आपल्यासाठी मांडलेलाच नाही. आपल्या पोरीच्या हाती जे खरे आहे ते म्हणजे तिचे काम, आणि ते काम ज्याने पाहिले आहे त्याची साक्ष.

साक्ष हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. कोर्टात साक्षीदार किती, याला फारसे महत्त्व नसते. त्याने डोळ्यांनी काय पाहिले ते विचारतात. दहा माणसे येऊन 'आरोपी चांगला माणूस आहे' म्हणाली तरी न्यायाधीश जांभई देतो. एक जण म्हणाला, 'त्या रात्री तो माझ्याबरोबर पाळीवर होता, हे हजेरीपत्रक पाहा,' की सगळे सावरून बसतात.

याच न्यायाने काही वेळा जादा पत्र जरूर द्यावे. अनेक संस्था शिक्षकांखेरीज आणखी एखाद्या पत्राला मुभा देतात. मग प्रश्न एकच विचारायचा : हा माणूस असे काय सांगणार आहे, जे बाकीच्या पत्रांत नाही आणि येऊही शकत नाही?

समजा, एका मुलाचे वडील वारले आणि बारावीपासून तो ठोक किराणा दुकानात संध्याकाळी हिशेब लिहितो आहे. कॉलेजच्या प्राध्यापकांना एवढेच दिसते, की पोरगा शेवटच्या तासाला निघून जातो. दुकानदार मात्र सांगू शकतो, की या पोराने दोन वर्षांत तिजोरीची किल्ली सांभाळली, जीएसटीच्या विवरणातली चूक दाखवून दिली, आणि परीक्षेच्या महिन्यातही एक दिवस न सांगता गैरहजर राहिला नाही. हे पत्र आमदारांच्या पत्राहून शंभरपट मोलाचे. दुकानदाराला इंग्रजी येत नसेल तर त्याने मराठीत लिहावे, सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. मात्र ते भाषांतर विद्यार्थ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी करू नये, शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांकडून करून घ्यावे. दुसरे उदाहरण : एक मुलगी वस्तीतल्या अभ्यासिकेत तीन वर्षे लहान मुलांना गणित शिकवते. ती अभ्यासिका चालवणारा कार्यकर्ता तिच्याविषयी लिहू शकतो, कारण त्याने ते पाहिले आहे. तोच कार्यकर्ता शेजारच्या गल्लीतल्या, अभ्यासिकेत कधी न आलेल्या मुलाविषयी लिहू लागला, की तो सभापतींच्या पंगतीत जाऊन बसतो. पदव्युत्तर अर्जासाठी असा तिसरा-चौथा माणूस म्हणजे प्रकल्प पाहिलेला कंपनीतला अभियंता किंवा इंटर्नशिपमधला वरिष्ठ. अमेरिकेतले डार्टमथ कॉलेज तर अर्जदाराच्या मित्राचे किंवा भावंडाचे पत्र आवर्जून मागते. तुमच्याबरोबर एका खोलीत अभ्यास करणारा मित्र! त्याच्याकडे कोणता शिक्का असतो?

पण खरी अडचण जादा पत्रांची नाहीच. जी दोन-तीन पत्रे लागतातच, तीच आपल्या मुलांची धड होत नाहीत, आणि ती उणीव भरून काढायला घरचे थप्पी रचतात.

तालुक्याच्या कॉलेजात एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले. प्राध्यापक तासिका तत्त्वावर, या वर्षी येथे, पुढच्या वर्षी कुठे कोण जाणे. मुलगी पत्र मागायला जाते तेव्हा सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." यात सरांना फार दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही, त्यांनाही असे पत्र कोणी कधी लिहून दाखवलेले नसते. मग मुलगी झेरॉक्सच्या दुकानात किंवा एखाद्या कन्सल्टन्सीत जाते. तेथे नमुना तयार असतो. नाव बदलायचे, विषय बदलायचा. कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर, नेतृत्वगुण असलेली. एकाच दुकानातून दोन मैत्रिणींची पत्रे निघतात आणि एकाच विद्यापीठात एकाच टेबलावर पोचतात. आता तर संगणकाला सांगितले की दोन मिनिटांत पान भरून येते, तेही गुळगुळीत. त्यात मुलगी कुठे असते?

शिवाय ही सही करून घेण्याची रीत तिकडच्या पद्धतीत बसतही नाही. तेथे अर्जात शिक्षकांचा ईमेल द्यावा लागतो, दुवा थेट त्यांना जातो आणि पत्र ते स्वतः चढवतात. विद्यार्थ्याला ते दिसत नाही. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे, पण अर्ज भरताना 'हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो' अशी खूण करायची की नाही ते विचारतात. बहुतेक मुले ती खूण करतात, कारण न दाखवता लिहिलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा जास्त विश्वास बसतो. हे आमच्या पालकांच्या पचनी पडत नाही. "काय लिहिले ते आम्ही पाहायचेच नाही? आणि वाकडे लिहिले तर?" हा प्रश्न आपल्या समाजात निराधार नाही. तोंडी परीक्षेत आडनाव विचारून मग गुण देणारे महाभाग आपण पाहिलेले आहेत. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, ज्यांच्याविषयी मनात शंका आहे त्यांच्याकडे जाऊच नका, मग ते विभागप्रमुख का असेनात. आणि विचारताना असे विचारा : "सर, तुम्हाला माझ्याविषयी मनापासून चांगले लिहिता येईल का?" ज्यांना येणार नाही ते येथेच चुळबुळ करतात. त्यांना नमस्कार करून दुसऱ्या दारी जावे.

जे हो म्हणतील त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. पत्र लिहून नेऊ नये, टाचण न्यावे. एका पानावर : मी तुमच्या कोणत्या वर्षाच्या कोणत्या वर्गात होते, कोणता प्रकल्प केला, कुठे अडले आणि कसे सुटले, कोणत्या विद्यापीठात कशासाठी अर्ज करते आहे, शेवटची तारीख कोणती. सोबत गुणपत्रिका आणि प्रकल्पाची प्रत. समजा, प्रयोगशाळेत या मुलीचे अनुमापनाचे आकडे तीनदा जुळले नाहीत. शेजारच्या मुलांनी वहीतले आकडे 'जुळवून' घेतले. हिने जसे आले तसे लिहिले, दुसऱ्या दिवशी लवकर येऊन ब्युरेट तपासली, तर ती तोटीशी गळत होती. सरांना हे आठवतही नसेल. टाचणातली ओळ वाचली की आठवेल, आणि ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे चार वाक्ये लिहितील त्यांना कन्सल्टन्सीचे अख्खे पान तोड देऊ शकणार नाही. इंग्रजीची लाज बाळगू नका, असे त्या सरांनाही सांगावे. भारतातल्या लहान गावच्या शिक्षकाने अमेरिकन प्राध्यापकासारखे लिहावे अशी अपेक्षा कोणी करत नाही.

अर्जात शिक्षकांना काही चौकटीही भराव्या लागतात. हा विद्यार्थी सरासरी आहे, चांगला आहे, वरच्या दहा टक्क्यांत आहे, पाच टक्क्यांत आहे, की मी आजवर पाहिलेल्या मोजक्यांपैकी एक आहे? आपले प्राध्यापक भीडेने सगळ्यांना एकाच चौकटीत बसवतात, किंवा 'उगाच जास्त नको' म्हणून 'चांगला' वर खूण करतात. तिकडच्या वाचणाऱ्याच्या लेखी त्या 'चांगल्या'चा अर्थ बेताचा असा होतो. एवढे एक वाक्य प्राध्यापकांच्या कानावर घालायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आम्ही पुष्कळांशी वाद घातला आहे. आपल्या मुलांच्या पत्रांत, विशेषतः पुढाऱ्यांनी आणि संस्थांनी दिलेल्या जादा पत्रांत, पहिले वाक्य असते, 'सदर विद्यार्थी अत्यंत गरीब व मागासवर्गीय कुटुंबातील असून...' आणि शेवटचे वाक्य असते, 'तरी त्यास सहानुभूतीपूर्वक प्रवेश देण्यात यावा.' मध्ये काहीच नसते. विनंती अर्जाची ही भाषा आपल्या हाडीमांसी खिळली आहे. परिस्थिती सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. सांगावी, जरूर सांगावी. घरात वीज कधी आली, कॉलेज किती कोसांवर, घरातली शिकलेली पहिली व्यक्ती कोण, जातीमुळे काय सोसावे लागले, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, नाहीतर त्याला त्या ७८ टक्क्यांची किंमत कळणार नाही. पण ती हकीकत मुलीने स्वतःच्या निबंधात सांगावी, आणि प्राचार्यांनी कॉलेजविषयी लिहिताना सांगावी, आकड्यांसह. सहानुभूती मागणारे पत्र मुलीला लहान करते. तिने काय केले हे सांगणारे पत्र तिला तिच्या उंचीवर उभे करते. आणि ज्या लेटरहेडवर निळ्या शाईत आपल्या महापुरुषांची छायाचित्रे छापलेली आहेत, त्यावर तरी याचनेची भाषा शोभत नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही शिफारशी होत्याच. पण त्या कोणी केल्या ते पाहा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींना चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा दिसायचा. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढली, ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हाच्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे इंटर झाल्यावर घरची ओढाताण पाहून केळुसकर गुरुजी सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी मुलाला भेटीला बोलावले, प्रश्न विचारले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. गुरुजी काही संस्थानिक नव्हते, शाळामास्तर होते. पण बागेतल्या त्या बाकावर त्यांनी जे पाहिले होते ते दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. आणि गुरुजींच्या शब्दावर महाराजांनी नुसती सही केली नाही, मुलाची परीक्षा घेतली, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरे पत्र कोलंबियाच्या प्रा. एडविन सेलिग्मन यांचे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्यांच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणारे प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना लिहून, या विद्यार्थ्याला संशोधनात मदत करावी असे सुचवले. फॉक्सवेल यांनी मग स्कूलच्या सचिवांना कळवले ते साधारण असे, की या गृहस्थाने डॉक्टरेट आधीच मिळवली आहे, त्याला जिंकायला येथे आणखी काही उरलेले नाही! एका प्राध्यापकाने दुसऱ्या प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्याविषयी लिहिले होते, आणि दोघांनाही विषय कळत होता.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, की आपल्याकडे पत्र मागायला आलेल्या बापाला नाही म्हणणे जड जाते, हे आम्हाला माहीत आहे. नाही म्हटले की 'मोठे झाले, विसरले' असे होते. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली आहे. ज्या मुलामुलींना आम्ही कामात पाहिले आहे त्यांच्याविषयी लिहितो, बाकीच्यांना म्हणतो, पत्राऐवजी आम्ही तुमच्याबरोबर कॉलेजात येतो. प्राचार्यांना भेटतो, संस्थेचा अधिकृत ईमेल प्राध्यापकांना मिळवून देतो (कित्येक कॉलेजांत तो असतो, पण उघडलेलाच नसतो, आणि खासगी जीमेलवरून आलेल्या पत्राची काही विद्यापीठे उलटतपासणी करतात), गुणपत्रिकांचे लखोटे करून घेतो. एवढ्या खटपटीत एक दिवसाची रजा जाते, पण सात पत्रांपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. बाप आधी नाराज असतो, संध्याकाळपर्यंत बोलू लागतो.

आता तारखांचे. पदवीसाठी लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक अमेरिकन कॉलेजांत १ नोव्हेंबरच्या आसपास असते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. पदव्युत्तर विभागांची पुष्कळ ठिकाणी डिसेंबरात. शिक्षकांना किमान सहा आठवडे तरी द्यावेत. आणि आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहामाही परीक्षा, पेपरतपासणी आणि दिवाळीची सुटी एकाला एक लागून येतात. कॉलेजचे कार्यालय बंद, प्राध्यापक गावी, आणि गावी रेंज नाही. तेव्हा ज्यांना या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी गणपतीच्या आधीच सरांना गाठावे, टाचण हातात द्यावे, ईमेल लिहून घ्यावा, आणि सुटी लागण्यापूर्वी त्या ईमेलवर दुवा आला की नाही ते सरांच्या शेजारी उभे राहून पाहावे.